कर्जाचे 125 हजार म्हणजे 1 कसे झाले? शब्दांचे आकडे करण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. सहाशे शेतकऱ्यांच्या सर्व्हेची फाइल आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये उघडली. ‘कर्ज, हजार रुपयांत’ हा कॉलम फॅक्टर म्हणून, म्हणजे क्रमांक दिलेल्या नावांचा कॉलम म्हणून, आला. त्याला अ‍ॅज-न्यूमेरिक हे आकडे करणारं फंक्शन लावलं तर 40, 8, 125 यांच्या जागी 3, 4, 1 असलं काहीतरी आलं. मित्राने तीच फाइल पायथनमध्ये चालवली, त्याला तिसरेच आकडे मिळाले. शिवाय सिंचनाचा स्रोत, शिक्षण, जमीनधारणेचा गट आणि गाव हे कॉलम शब्दांत आहेत. रिग्रेशनमध्ये (काही कॉलमवरून दुसऱ्याचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये) घालायचे तर त्यांना 1, 2, 3, 4 देऊन टाकायचे का?

आधी नड भागवते. कर्जाच्या कॉलमला असं लिहा:

अ‍ॅज-न्यूमेरिक(अ‍ॅज-कॅरॅक्टर(कर्ज))

आधी अक्षरं, मग आकडे. आत कॅरॅक्टरचा टप्पा नसेल तर आर तुम्हाला कर्ज देत नाही, कर्जाच्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक देतं. फाइल खूप मोठी असेल तर फॅक्टरच्या लेव्हल्स (त्यातली वेगवेगळी मूल्यं) तेवढ्या आकड्यांत बदलून घ्यायच्या आणि फॅक्टरनेच त्यांतून उचलायचं, म्हणजे अ‍ॅज-न्यूमेरिक(लेव्हल्स(कर्ज))[कर्ज]. उत्तर तेच येतं, फक्त बदल मोजक्या लेव्हल्सचा होतो. सहाशे ओळींना फरक जाणवणार नाही. (फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आरमध्ये ती टिंब देऊन लिहितात हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

आता असं का होतं ते सहा ओळींवर बघू. समजा कॉलममध्ये वरून खाली 40, 8, 125, 15, नाही, 8 असं आहे. त्यातल्या एका ‘नाही’मुळे सगळा कॉलम अक्षरांचा ठरला. फॅक्टर बनवताना आर वेगवेगळी मूल्यं गोळा करतं आणि कोशातल्या शब्दांसारखी लावतं. कोशाच्या क्रमात ‘125’ आधी, कारण पहिलं अक्षर 1 आणि दुसरं 2. मग ‘15’, मग ‘40’, मग ‘8’ आणि शेवटी ‘नाही’. यांना 1 ते 5 क्रमांक मिळतात. मूळ कॉलम आता 3, 4, 1, 2, 5, 4 होतो. म्हणजे सर्वांत मोठं कर्ज 1 झालं, आठ हजारवाला 4 झाला आणि ज्याने ‘नाही’ म्हटलं तो सगळ्यांत वरचा, 5. याची सरासरी 3.17 येते. कुठेही एरर नाही, वॉर्निंगसुद्धा नाही. खरी सरासरी पाच आकड्यांवर 39.2 हजार आहे.

‘पाच आकड्यांवर’ म्हटलं ते मुद्दाम. कॅरॅक्टरमार्गे गेलात की आर ‘नाही’चं एनए (मूल्य नाही अशी खूण) करतं आणि तशी वॉर्निंग देतं. ती वॉर्निंग दडपू नका. त्या घरात कर्ज नाही म्हणून गणकाने ‘नाही’ लिहिलं असेल तर ते शून्य आहे, आणि सरासरी 32.7 हजार होते. उत्तर दिलं नाही म्हणून लिहिलं असेल तर ते मिसिंग आहे आणि 39.2 बरोबर. एवढ्याशा सहा ओळींत साडेसहा हजारांचा फरक पडला. हे ठरवणारं फंक्शन कुठल्याच भाषेत नाही, फॉर्म भरणाऱ्याला फोन करावा लागतो. मिसिंग ठरवलेल्या घरांना 99 किंवा 999 असा कोड असेल तर तोही आधी एनए करून घ्या. सर्व्हेवाल्यांची ही जुनी रीत आहे आणि ‘मुलांची संख्या 99’ अशी घरं मी बऱ्याच फाइलींत पाहिली आहेत.

कॉलम आपोआप फॅक्टर कसा झाला, हेही सांगते. आरच्या 4.0.0 आवृत्तीपर्यंत, म्हणजे 2020च्या एप्रिलपर्यंत, रीड-सीएसव्ही अक्षरांचा प्रत्येक कॉलम न विचारता फॅक्टर करत असे. त्यानंतर ती सवय बंद झाली. तुमच्याकडे फॅक्टर आला म्हणजे एक तर कॉलेजच्या मशीनवर आर जुनं आहे, किंवा कुणाच्या तरी जुन्या कोडमधून स्ट्रिंग्ज-अ‍ॅज-फॅक्टर्स ‘ट्रू’ अशी ओळ आली आहे. हेच क्रमांक आणखी दोन-तीन वाटांनी गुपचूप बाहेर येतात. इफ-एल्समध्ये फॅक्टर टाकला तर क्रमांक परत येतात. डेटा-मॅट्रिक्सही क्रमांकच देतं. आणि दोन फॅक्टर सी-फंक्शनने जोडले तर 4.1.0च्या आधी क्रमांकच जोडले जायचे, आता नीट फॅक्टर मिळतो. तुमचा कोड दोन वेगवेगळ्या मशीनवर चालणार असेल तर हे शेवटचं फार चावतं.

तुमच्या कर्जाच्या कॉलमचा धडा असा की तो मुळात शब्दांचा नव्हताच. आकड्यांच्या कॉलममध्ये कचरा शिरला होता. शब्दांचे आकडे करायच्या आधी प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारा: हा वेष बदललेला आकडा आहे, क्रम आहे, की नुसतं नाव आहे? तिन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. कोणत्या शब्दाला कोणता आकडा, हे तुम्ही लिहून द्यायचं. सॉफ्टवेअरवर सोडलंत की ते बाराखडीने लावणार.

वेष बदललेल्या आकड्यांत आपल्याकडचे नमुने खास असतात. ‘1,25,000’ मधले स्वल्पविराम आरला चालत नाहीत, ते काढावे लागतात. आरच्या रीडर पॅकेजचं पार्स-नंबर ते काढून देतं आणि ‘₹’ चिन्हसुद्धा बाजूला करतं. पण तेच पार्स-नंबर ‘1.25 लाख’ याचं 1.25 करतं आणि तक्रार करत नाही. ‘दीड लाख’, ‘अडीच एकर’, ‘पाऊण’ अशी उत्तरं असतील तर शब्द आणि आकडा अशी दोन कॉलमची यादी हाताने करा, दुसरा उपाय नाही. देवनागरी अंक आले असतील तर पायथनचं इंट ‘१२’चं बिनबोभाट 12 करतं, आर मात्र एनए देतं.

क्षेत्राच्या कॉलमकडे तर दोनदा बघा. ‘2.20’ लिहिलंय ते दोन पूर्णांक वीस शतांश एकर आहे, की दोन एकर वीस गुंठे? चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दुसऱ्या अर्थाने ते 2.5 एकर होतं. सातबाऱ्यावरून उतरवलेलं हेक्टर-आर असेल तर प्रश्न येत नाही, कारण शंभर आर (इथे जमिनीचं माप) म्हणजे एक हेक्टर आणि दशांश आपोआप जुळतो. एकर-गुंठ्यात नाही जुळत. ओळखायची खूण सोपी आहे: टिंबानंतरचा भाग कुठेच 39च्या वर जात नसेल तर ते गुंठे आहेत असं समजायला हरकत नाही. मग टिंबावर तोडा, डावीकडचा भाग अधिक उजवीकडचा भागिले चाळीस. तोडायचं ते अक्षर म्हणून वाचलेल्या कॉलमवर. आकडा म्हणून वाचलात की ‘2.20’चं 2.2 होतं आणि वीस गुंठे की दोन गुंठे ते कळायला मार्ग राहत नाही.

फाइल एक्सेलमधून आली असेल तर आणखी एक. जमीनधारणेचा गट ‘1-2’, ‘2-4’, ‘4-10’ असा टाइप केला असेल तर एक्सेल त्याची तारीख करतं. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये ‘1-2’ म्हणजे 1 फेब्रुवारी. ‘0-1’ अशी तारीख नसते, म्हणून तेवढं अक्षरांतच राहतं आणि कॉलम अर्धा तारीख अर्धा मजकूर होतो. 2021 मध्ये टाइप केलेल्या ‘1-2’ला आकड्यात बदललंत तर 44228 मिळेल. हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने 2020 मध्ये मार्च-1, सेप्ट-1 अशा जनुकांची नावंच बदलून घेतली, कारण शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत होत्या. तुम्ही नावं बदलायला नकोत, कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मग टाइप करा.

आता क्रम. तुमच्या फाइलमध्ये शिक्षण आणि जमीनधारणा हे दोन कॉलम क्रमाचे आहेत, आणि बाराखडी दोन्हींची वाट लावते. चौथी, सातवी, दहावी, बारावी, पदवी हे बाराखडीने लावलं तर चौथी, दहावी, पदवी, बारावी, सातवी असं होतं. सातवी पास झालेला पदवीधराच्या वर. जमिनीचे गट बघा: अत्यल्प, अल्प, अर्धमध्यम, मध्यम, मोठे हा खरा क्रम. बाराखडीत ‘अर्ध’मधला र ‘अल्प’मधल्या लच्या आधी येतो, म्हणून अर्धमध्यम दुसरा आणि अल्प तिसरा. एकाच जागी अदलाबदल, म्हणून नजरेतून सुटते. ‘कमी, मध्यम, जास्त’चीही तीच गत, जास्त दुसऱ्या क्रमांकावर जातं. त्यात अक्षरं लावण्याची पद्धत मशीनच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरते. ळ आपण शेवटी म्हणतो, युनिकोडमध्ये तो लच्या पाठोपाठ बसलाय. तेव्हा तुमच्या मशीनवरचा क्रम गाइडांच्या मशीनवर तोच असेल याचीही खात्री नाही.

उपाय एका ओळीचा आहे. फॅक्टर बनवताना लेव्हल्स स्वतः, खालून वर, लिहून द्या. मात्र एक लक्षात ठेवा: तुम्ही लिहिलेल्या यादीत नसलेलं मूल्य आर निमूटपणे एनए करतं. ‘दहावी’ यादीत आहे आणि फाइलमध्ये कुणी ‘१०वी’ लिहिलंय, तर तो माणूस गेला. पायथनमधल्या पँडाज पॅकेजच्या कॅटेगोरिकलचंही असंच. म्हणून बदल झाल्यावर जुना कॉलम आणि नवा कॉलम यांचा टेबल काढा आणि त्यात एनए दाखवायला सांगा. त्या टेबलमध्ये प्रत्येक जुन्या शब्दासमोर एकच नवं मूल्य हवं आणि एनएच्या रकान्यात फक्त खरे मिसिंग हवेत. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मी आधी हा टेबल मागते, मॉडेल नंतर.

क्रम लागला म्हणजे 1, 2, 3, 4, 5 दिले असं होत नाही. 1 ते 5 देणं म्हणजे चौथी ते सातवी जितकं अंतर, तितकंच बारावी ते पदवी, असं जाहीर करणं. शिक्षणाला नैसर्गिक माप आहे, ते वापरा: शाळेत न गेलेल्याला 0, मग 4, 7, 10, 12 आणि तीन वर्षांच्या पदवीला 15. आता गुणकाचा (मॉडेल त्या कॉलमला देतं त्या आकड्याचा) अर्थ ‘शाळेचं एक वर्ष वाढलं तर’ असा सरळ वाचता येतो. जमिनीच्या गटांना हेक्टरमधले मध्यबिंदू द्या. कृषी गणनेच्या व्याख्येप्रमाणे अत्यल्प म्हणजे एक हेक्टरच्या आत, अल्प 1 ते 2, अर्धमध्यम 2 ते 4, मध्यम 4 ते 10 आणि मोठे 10 व त्यापुढे. मध्यबिंदू 0.5, 1.5, 3 आणि 7. शेवटच्या गटाला वरचं टोकच नाही, त्यामुळे मध्यबिंदूही नाही. तिथे 12 लिहायचे की 15, हे मनाने ठरवू नका. प्रत्यक्ष क्षेत्राचा कॉलम असेल तर त्या गटाची सरासरी घ्या, नाहीतर हा कॉलम नावासारखा वापरा. खरं तर प्रत्यक्ष क्षेत्र असेल तर गट हवेतच कशाला? आकड्याचे गट करायचे आणि गटांचे परत आकडे करायचे, यात माहिती दोनदा गाळली जाते.

आरमध्ये फॅक्टर ‘ऑर्डर्ड’ केला की निकालात एल, क्यू, सी असे गुणक दिसतात आणि लोक घाबरतात. ते बहुपदीचे भाग आहेत: सरळ रेषेचा, वळणाचा, दुहेरी वळणाचा. तीन लेव्हल्स असतील तर रेषेसाठी उणे 0.707, 0 आणि 0.707 हे वजन वापरलेलं असतं. गणित चूक नाही, पण शोधनिबंधात ‘शिक्षण-एल 2.3’ लिहून कुणाला काही कळत नाही. आलेख काढताना क्रम हवा एवढाच हेतू असेल तर साधा फॅक्टर ठेवा आणि लेव्हल्स हाताने लावा, ऑर्डर्ड करायची गरज नाही.

अंतरं सारखी धरणं कितपत खपतं, हे तपासताही येतं. एक मॉडेल आकड्यांचं करा, दुसरं त्याच कॉलमच्या फॅक्टरचं. पहिलं दुसऱ्याच्या पोटात बसतं, म्हणून अनोव्हा या चाचणीने दोन्हींची तुलना करता येते. फरक नगण्य असेल तर आकडे ठेवा, मॉडेल आटोपशीर होतं. फरक मोठा आला तर तुमची अंतरं डेटाला मान्य नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न: विहीर, कालवा, बोअरवेल, कोरडवाहू यांना 1 ते 4 द्यायचे का? नाही. का नाही, ते आकड्यांतच बघा. समजा कापसाचं एकरी उत्पादन कोरडवाहूत सरासरी 5 क्विंटल, बोअरवेलवर 7, विहिरीवर 8 आणि कालव्यावर 9 आहे, आणि चारही गटांत सारखेच शेतकरी आहेत. बाराखडीने कालवा 1, कोरडवाहू 2, बोअरवेल 3, विहीर 4. म्हणजे मॉडेलला दिसतं की 1 ला 9, 2 ला 5, 3 ला 7, 4 ला 8. यातून रेषा काढली तर चढ उणे 0.1 येतो. म्हणजे निष्कर्ष काय, तर सिंचनाच्या स्रोताने उत्पादनात जवळजवळ काही फरक पडत नाही! खरा फरक चार क्विंटलचा आहे. क्रमांक वेगळ्या क्रमाने दिले असते तर चढही वेगळा आला असता, त्याचं चिन्हसुद्धा बदललं असतं. जो निष्कर्ष नावांच्या आद्याक्षरावर ठरतो, तो शेतीबद्दल काही सांगत नाही.

नावांसाठी डमी व्हेरिएबल करायचे. एका नावाला एक कॉलम, त्यात फक्त 0 किंवा 1. चार स्रोत असतील तर कॉलम तीन, कारण चौथा हा ‘तिन्हींत शून्य’ म्हणून ओळखला जातो. चारही घातले आणि इंटरसेप्टही (मॉडेलचा स्थिर आकडा) ठेवला तर चौघांची बेरीज नेहमी 1 येते, माहिती दुहेरी होते, आणि आरचं रिग्रेशनचं फंक्शन एलएम एका गुणकासमोर एनए लिहून मोकळं होतं. हे सगळं हाताने करायची गरजही नाही. कॉलम फॅक्टर असेल तर एलएम स्वतःच डमी करतं. काय केलं ते पाहायचं तर मॉडेल-मॅट्रिक्स छापून पहिल्या पाच ओळी वाचा. प्रत्येकाने एकदा तरी वाचाव्यात.

तुम्हाला ठरवायचा तो संदर्भगट, म्हणजे ज्याला कॉलम मिळत नाही तो. आर पहिली लेव्हल घेतं, म्हणजे इथे कालवा. मग सगळे गुणक ‘कालव्यापेक्षा किती कमी’ असे येतील. वाचणाऱ्याला विचारायचं असतं की पाणी आल्याने काय फरक पडला, तेव्हा रीलेव्हलने कोरडवाहू पुढे आणा. वरच्याच आकड्यांत इंटरसेप्ट 5 येईल, बोअरवेल अधिक 2, विहीर अधिक 3, कालवा अधिक 4. हे तक्त्यातून थेट वाक्यात उतरतं. चार-पाचच शेतकरी असलेला गट संदर्भाला घेऊ नका, सगळ्याच तुलना डळमळीत होतात. आणि तुमच्या विभागात कुणी सॅस हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्याच्या क्लास स्टेटमेंटमध्ये, म्हणजे जीएलएम प्रोसीजरमध्ये, शेवटची लेव्हल संदर्भ होते. त्यामुळे दोघांचे गुणक वेगळे दिसतील, अंदाज मात्र सारखेच येतील. भांडण करण्याआधी दोघांचे अंदाज ताडून पाहा.

होय-नाही अशा दोनच उत्तरांना 0 आणि 1 द्या, 1 आणि 2 नको. 0-1ची सरासरी म्हणजे थेट ‘होय’चं प्रमाण. सगळ्यात सुरक्षित म्हणजे अट लिहायची: कॉलम बरोबर ‘होय’ आहे का, आणि त्याचा आकडा करायचा. वाचणाऱ्याला 1 म्हणजे काय ते कोडमध्येच दिसतं.

आकड्यांचा वेष घेतलेली नावंही असतात, उलटा प्रकार. पिनकोड, जिल्हा कोड, राज्य कोड. महाराष्ट्राचा राज्य कोड 27, गोव्याचा 30. यांची सरासरी 28.5 हे कुठलंही ठिकाण नाही. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे नंदुरबार 497 पासून सांगली 531 पर्यंत आहेत. फाइल वाचताना सॉफ्टवेअर हे आनंदाने आकडा म्हणून घेतं आणि रिग्रेशन ‘जिल्हा कोड एकाने वाढला तर’ असा गुणक देतं. हे कॉलम वाचतानाच अक्षर म्हणून वाचा. जम्मू-काश्मीरचा 01 आकडा झाला की 1 होतो आणि मग दुसऱ्या फाइलशी जोडताना जुळत नाही. जोडायला मात्र कोडच वापरा, नावं नकोत. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, उस्मानाबाद धाराशिव, अहमदनगर अहिल्यानगर. जुनी-नवी फाइल एकत्र केली की एका जिल्ह्याच्या दोन लेव्हल्स होतात. पालघर 2014 मध्ये झाला, 2011च्या यादीत त्याची गावं ठाण्याच्या 517 मध्ये आहेत, तेवढं हाताने बघावं लागेल.

गावाचा प्रश्न निराळा, कारण नावं फार. तुमच्याकडे समजा पंचेचाळीस गावं असतील तर चव्वेचाळीस डमी. सहाशे शेतकऱ्यांत ते कसंबसं निभेल, पण एकेका गावात दहा-तेरा माणसं आणि त्यावर चव्वेचाळीस गुणक, वाचणार कोण? मी आधी हे विचारेन की गावाचं काय हवंय. पाऊस, बाजारापासूनचं अंतर, जमिनीचा प्रकार हवा असेल तर ते कॉलम गावाच्या कोडवरून जोडून घ्या आणि गावाचं नाव मॉडेलबाहेर ठेवा. ‘एकाच गावातले शेतकरी एकमेकांसारखे असतात’ एवढंच सांभाळायचं असेल तर एलएमई-4 पॅकेजने गावाला रँडम इफेक्ट (प्रत्येक गावाचा स्वतःचा थोडा वरखाली फरक) द्या. तुमच्या प्रबंधासाठी माझ्या मते हेच योग्य.

टार्गेट एन्कोडिंगबद्दल कुणी सांगितलं असेल. त्यात गावाच्या नावाऐवजी त्या गावातल्या उत्पादनाची सरासरीच लिहितात. अंदाज वर्तवायच्या कामात ते चालतं, पण कच्चं वापरलं तर फसवतं. ज्या गावात एकच शेतकरी आहे, तिथे कोड म्हणजे त्याचंच उत्तर. म्हणून सरासरी एकूण सरासरीकडे ओढतात. गावात 2 शेतकरी, त्यांची सरासरी 12, एकूण सरासरी 7 आणि ओढायचं वजन 10 धरलं, तर 24 अधिक 70 भागिले 12, म्हणजे 7.83. दोन माणसांच्या जोरावर गावाला 12 मिळत नाही. शिवाय प्रत्येक ओळीचा कोड ती ओळ ज्या भागात नाही त्या भागावरून काढायचा. पायथनच्या सायकिट-लर्न पॅकेजमध्ये 1.3 आवृत्तीपासून टार्गेट-एन्कोडर आहे, तो शिकवण्याच्या डेटावर फिट-ट्रान्सफॉर्म एकत्र चालवलं तर हे दोन्ही करतो. आधी फिट आणि मग वेगळं ट्रान्सफॉर्म असं केलं तर प्रत्येकाचं उत्तर त्याच्याच कोडमध्ये शिरतं.

रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मॉडेल) वापरलंत तर आरचं त्याच नावाचं पॅकेज 53 पेक्षा जास्त लेव्हल्सचा फॅक्टर घेतच नाही. तेव्हा लोक वैतागून गावांना क्रमांक देतात. झाडं क्रमांक पुन्हापुन्हा कापू शकतात, त्यामुळे रेषेइतकं नुकसान होत नाही, पण कापायच्या जागा तरी बाराखडीनेच ठरतात.

लेव्हल्स मोजताना गावं अपेक्षेपेक्षा जास्त निघाली तर ती स्पेलिंगची भुतं असतात. शेवटी सुटलेली स्पेस, ‘खुर्द’ आणि ‘खु.’, ऱ्हस्व-दीर्घ. देवनागरीत एक छुपा प्रकारही आहे: ‘दुसऱ्याच्या शेतावर मजुरी’ यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा ऱ हे अक्षर घेऊन आणि एकदा साध्या र ला हलन्त व न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, आरला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन चालवूनही हे दोन एक होत नाहीत, स्वतः शोधून बदलावे लागतात. एकाच दिसणाऱ्या शब्दाच्या दोन लेव्हल्स टेबलमध्ये दिसल्या की अक्षरसंख्या मोजून बघा, लगेच सापडतं.

राहिला तुमचा मित्र. त्याने बहुधा पँडाजचं फॅक्टराइझ चालवलं असेल. ते बाराखडी बघत नाही, जो आधी दिसला त्याला आधी नंबर, आणि मोजणी 0 पासून. आपल्या सहा ओळींना ते 0, 1, 2, 3, 4, 1 देईल. कॅटेगरी करून कोड घेतले असते तर बाराखडीने 2, 3, 0, 1, 4, 3 आले असते. फॅक्टराइझचा धोका असा की फाइलच्या ओळी खालीवर झाल्या तरी कोड बदलतात. आणि दोन्हींत मिसिंगला उणे 1 मिळतो. तो काढला नाही तर मॉडेल त्याला ‘शून्याहून कमी’ असं खरं मूल्य समजतं. कर्जाच्या कॉलमला त्याने टू-न्यूमेरिक वापरावं आणि एरर्सला ‘कोअर्स’ द्यावं, म्हणजे ‘नाही’चं मिसिंग होईल. त्याआधी कोणत्या ओळी मिसिंग होणार आहेत ते छापून घ्यावं. स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये हीच जोडी डीस्ट्रिंग आणि एनकोड अशी आहे: आकडे दडलेले असतील तर डीस्ट्रिंग, खरे शब्द असतील तर एनकोड, आणि एनकोडही बाराखडीनेच नंबर देतं.

शब्दांची यादी बदलायला त्याने मॅप वापरावं, रीप्लेस नको. मॅपला डिक्शनरीत न सापडलेला शब्द मिसिंग होतो आणि मोजता येतो. रीप्लेस तो तसाच ठेवतं आणि कॉलम अर्धा आकडे अर्धा शब्द राहतो. डमीसाठी गेट-डमीज सर्व्हेपुरतं ठीक आहे, पँडाज 2.0 पासून त्यात 0-1 ऐवजी ट्रू-फॉल्स येतं, एवढं लक्षात ठेवायचं. पण पुढच्या हंगामाच्या नव्या फाइलवर हेच मॉडेल चालवायचं असेल तर गेट-डमीज नको. नव्या फाइलमध्ये कालव्याचा एकही शेतकरी नसेल तर तो कॉलमच तयार होणार नाही आणि मॉडेल अडेल. तिथे सायकिट-लर्नचा वन-हॉट-एन्कोडर जुन्या फाइलवर फिट करून जपून ठेवावा आणि नवी फाइल त्यातूनच काढावी. अनोळखी नाव आलं तर काय करायचं, ते हँडल-अननोनमध्ये आधीच लिहावं लागतं. ‘इग्नोर’ लिहिलं तर त्या ओळीला सगळीकडे शून्य मिळतात, आणि संदर्भगटाचा कॉलम वगळलेला असेल तर शेततळ्यावरचा नवा शेतकरी मॉडेलच्या लेखी थेट कोरडवाहू होतो.